आकडा आधी कोणाचा?

वय झालेली माणसं राहतात त्या बहुतेक घरांत एक खण असा असतो, की मुलांनी हौसेनं आणलेली यंत्रं त्यात मूळ खोक्यासकट पडून असतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, चार्जर हरवलेलं मनगटी घड्याळ, गळ्यात घालायचं लाल बटण, फोनला जोडायचा वजनकाटा. वॉरंटीचं कार्ड जपलेलं असतं, सूचनांची पुस्तिका मात्र उघडलेलीही नसते. कोणी विचारलंच तर "आहे ना, व्यवस्थित ठेवलंय" असं उत्तर मिळतं. आणि खरंच व्यवस्थित ठेवलेलं असतं ते.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं, की म्हाताऱ्या माणसांना नवीन काही जमत नाही. मला ते पटत नाही. हीच माणसं नातवंडांशी व्हिडिओ कॉलवर तासभर बोलतात, बँकेचे व्यवहार फोनवर करतात आणि आपण जागे व्हायच्या आत सुविचार पाठवून मोकळी झालेली असतात. ज्याची गरज वाटते ते सगळं जमतं. या यंत्रांची गरज बहुतेकदा दुसऱ्याच कोणाला असते. मुलांच्या जिवाला घोर लागलेला असतो म्हणून ती घरात येतात, आणि आईवडील आठ-पंधरा दिवस ती वापरतात ते मुलांची समजूत घालायला.

माझ्या आत्याचं बीपीचं मशीन मात्र तिनं स्वतः आणलं, तेही भांडणातून. दवाखान्यात मोजलं की तिचं वरचं दीडशेच्या पुढे निघायचं. डॉक्टर म्हणाले, गोळी वाढवू. आत्या म्हणाली, घरी माझं एवढं नसतं. "कशावरून?" असं डॉक्टरांनी विचारलं. विचारलं साधंच, पण आत्यानं आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले होते. आपल्याकडे कोणी पुरावा मागतोय हे तिला चांगलंच लागलं.

डॉक्टरांसमोर बीपी वाढणं ही काही तिची सबब नव्हती. 'व्हाइट कोट हायपरटेन्शन' या नावानं ते वैद्यकात रीतसर नोंदलेलं आहे. घरचा आकडा सहसा दवाखान्यातल्यापेक्षा कमी येतो, म्हणून मर्यादाही वेगळ्या धरतात: दवाखान्यात १४०/९० ही रेघ असेल तर घरी १३५/८५. (अमेरिकेतल्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती दोन्हीकडे १३०/८० वर आणली.) याच्या उलटही घडतं. दवाखान्यात आकडा चांगला आणि घरी वाढलेला. हा प्रकार जास्त फसवा, कारण तिथे कोणाला संशयच येत नाही.

मशीन आणल्यावर आत्यानं पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. असं करणारी माझ्या माहितीतली ती एकमेव व्यक्ती. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. दंड उघडा, हात टेबलावर अशा बेतानं की पट्टा हृदयाच्या पातळीला यावा. आधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, लघवीला जाऊन यायचं, मग पाच मिनिटं नुसतं बसायचं. मोजताना बोलायचं नाही. हे शेवटचं तिला सगळ्यात जड गेलं. पण प्रत्येक अटीमागे कारण आहे. हात खाली लोंबत ठेवला तर पातळीतल्या दर दहा सेंटिमीटरमागे आकडा साधारण सात-आठनं वाढतो. पट्टा दंडाला लहान पडला तरी वाढतो, गप्पा मारत राहिलं तरी वाढतो. यावरून दवाखान्याच्या गर्दीत, जिना चढून आल्या आल्या घेतलेल्या एका मापाची काय किंमत करायची ते ज्याचं त्यानं ठरवावं.

घरी मोजायची नीट पद्धत अशी: सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, दोन मापांमध्ये एक मिनिट सोडायचं, आणि असं सलग सात दिवस. पहिला दिवस हिशेबात धरायचा नाही, उरलेल्या दिवसांची सरासरी काढायची. पहिल्या दिवशी माणूस बिचकलेला असतो. आत्याला हे फारच पटलं. "म्हणजे पहिली एंट्री संशयास्पद," ती म्हणाली, आणि वहीत पहिल्या दिवसावर तिनं पट्टीनं रेघ मारली.

शेजारच्या बाईंच्या मशीनचा आकडा आणि तिच्या मशीनचा आकडा पाच-सहानं वेगळा यायचा. "मग खरा कुठला?" हा तिचा प्रश्न मला आवडला, कारण त्याचं उत्तर मशीनच्या पोटात आहे. दंडावरचा पट्टा सैल करत जायचं, नाडीचे आवाज कधी ऐकू येऊ लागतात आणि कधी विरतात ते स्टेथोस्कोपनं टिपायचं, आणि त्यावरून वरचं-खालचं ठरवायचं, ही रीत निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरांनी १९०५ साली सांगितली. घरच्या मशीनला कान नाहीत. ते पट्ट्यातल्या हवेची थरथर मोजतं. थरथर सगळ्यात मोठी असते तो सरासरी दाब. वरचं आणि खालचं त्यावरून गणितानं काढलेलं असतं, आणि ते गणित प्रत्येक कंपनीचं आपापलं, बाहेर न सांगितलेलं. त्यामुळे दोन मशीनं तंतोतंत जुळत नाहीत. प्रमाणित पद्धतीनं तपासणी झालेलं मशीन घ्यावं, एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या मापाशी ताडून बघावं आणि मग त्या एकालाच धरून राहावं. नाडी अनियमित असेल तर ही मशीनं आणखी गोंधळतात, तेव्हा ते डॉक्टरांना आधी विचारून घ्यावं.

आत्याच्या वहीत तारीख, वेळ, वरचं, खालचं, नाडी असे रकाने होते, आणि डावीकडे समास. समासात ती मनाला येईल ते लिहायची. 'रात्री झोप नाही.' 'फोनवर वाद.' 'गुडघ्याची गोळी.' डॉक्टरांनी सरासरी पाहिली आणि गोळी वाढवायचं रद्द केलं. मग त्यांची नजर समासावर गेली. ज्या दिवसांपुढे गुडघ्याची गोळी लिहिलेली होती, त्या दिवसांचे आकडे वर होते. दुखण्यावरच्या बऱ्याच गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, रक्तदाब चढवतात. ही गोळी आत्या परस्पर आणायची. डॉक्टरांना तिचा पत्ताच नव्हता. तिच्याबद्दल विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं, आणि सांगायचं आत्याला सुचलं नव्हतं, कारण गुडघा आणि बीपी ही तिच्या लेखी दोन वेगळी खाती होती.

या सगळ्या प्रकारात इंटरनेट नव्हतं, ॲप नव्हतं. तरी मी याला दुरून आरोग्यावर लक्ष ठेवणंच म्हणेन. डॉक्टर तिच्या घरात नव्हते आणि तरी त्यांना तिच्या घरातलं दिसलं. फरक एवढाच, की काय दाखवायचं ते तिनं आधी स्वतः पाहिलं होतं.

आईच्या बाबतीत उलट झालं. दादा परदेशी असतो. त्यानं आईसाठी फोनला जोडलेलं मशीन पाठवलं. मोजलं की आकडा आपोआप त्याच्या आणि माझ्या फोनवर यायचा. सुरुवातीला आम्हा दोघांना फार बरं वाटलं. मग त्याचे फोन सुरू झाले. "आई, काल रात्री १५८ कसं आलं गं?" "खारट काही खाल्लंस का?" "गोळी घेतलीस ना?" प्रेमानंच विचारलेलं सगळं. पण आईच्या बाजूनं पाहिलं तर ती दिवसातून दोनदा तोंडी परीक्षाच होती.

काही आठवड्यांनी आकडे सुधारले. १२८, १२६, १३०, सगळे एका ओळीत बसलेले. दादा खूश. मी तिच्याकडे राहायला गेले तेव्हा उलगडा झाला. आई आधी जुन्या मशीनवर मोजायची. आकडा बरा आला तर नव्यावर मोजून पाठवायची. बरा आला नाही तर त्या वेळी नवं मशीन कपाटातून काढायचीच नाही. मी विचारलं तर तिनं काही लपवलं नाही. "त्याला तिकडे झोप लागत नाही मग. एवढ्या लांबून तो करणार काय?"

यात लबाडी कुठे आहे? वाईट बातमी कधी सांगायची, किती सांगायची आणि कोणाला अजिबात सांगायची नाही, हे आईवडील आयुष्यभर स्वतः ठरवत आलेले असतात. आम्ही तिला न विचारता ते ठरवणं यंत्राकडे दिलं होतं. तिनं ते गाजावाजा न करता परत घेतलं. अडचण अशी, की गोळ्यांचं प्रमाण ठरवणाऱ्या डॉक्टरांपर्यंतही तेच निवडक आकडे जात होते. मुलांना खूश ठेवायला गाळलेले आकडे औषधाच्या चिठ्ठीवर उतरले तर ते महागात पडतं.

हे असं पाठवत राहणं किती उपयोगाचं, याचं एक नीट उत्तर उपलब्ध आहे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. हजाराहून जास्त रुग्णांचे तीन गट केले होते. एकाची देखरेख नेहमीसारखी दवाखान्यात. दुसरा गट घरी मोजून डॉक्टरांना कळवणारा. तिसरा घरी मोजून आकडे फोनवरून पाठवणारा. वर्षानंतर दवाखान्यातल्या गटाच्या तुलनेत दुसऱ्याचं वरचं ३.५ नं कमी होतं, तिसऱ्याचं ४.७ नं. तिसरा गट जरा लवकर खाली आला हे खरं, पण वर्षअखेरीला या दोघांमधला फरक इतका किरकोळ होता की संख्याशास्त्र त्याला फरक मानत नाही. म्हणजे आत्याची वही आणि दादाचं ॲप जवळजवळ बरोबरीत. काम झालं ते घरी मोजल्यामुळे आणि डॉक्टरांनी त्या आकड्यांवरून औषध बदलल्यामुळे. हे मी दादाला वाचून दाखवलं. तो संगणकाच्या क्षेत्रातला आहे, त्यामुळे त्याला ते फारसं रुचलं नाही.

शेवटी आम्ही तिघं बोललो, आणि या वेळी अटी आईनं घातल्या. रोजचे आकडे तिचे आणि डॉक्टरांचे. आम्हाला आठवड्याची सरासरी. १८०/१२० च्या वर गेलं तर थोडं शांत बसून पुन्हा मोजायचं. त्याबरोबर छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा हातपाय लुळा वाटणं, जीभ अडखळणं असं काही असेल तर दुसऱ्या मापाची वाट न बघता तातडीच्या मदतीला फोन, आम्हाला नंतर. दादाला हे पचायला वेळ लागला. पण त्याच्या फोनवरचे विषय बदलले. आता तो आईला तिच्या बागेबद्दल विचारतो आणि आई कंटाळा येईपर्यंत सांगते. जुनं मशीन अजून तिच्याकडे आहे. त्याचं ती काय करते ते मी विचारत नाही.

पडण्याची गोष्ट बीपीपेक्षा अवघड आहे, कारण तिथे उशीर परवडत नाही. उठता न येऊन तासन् तास जमिनीवर पडून राहिलं तर शरीरातलं पाणी कमी होतं, दबलेल्या जागी जखमा होतात, स्नायूंना इजा होऊन त्याचा ताण मूत्रपिंडांवर येतो. हाड मोडलेलं नसलं तरी. म्हणून गळ्यात घालायचं मदतीचं बटण निघालं. ते काही नवं नाही. अमेरिकेत अँड्र्यू डिब्नर या मानसशास्त्रज्ञानं १९७४ साली 'लाइफलाइन' नावानं ते सुरू केलं. म्हणजे या बटणानंही आता पन्नाशी ओलांडली.

बटण आहे म्हणून ते दाबलं जातं असं मात्र नाही. इंग्लंडमध्ये केंब्रिज इथे नव्वदीपुढच्या शंभराहून थोड्या जास्त माणसांची वर्षभर नोंद ठेवली होती. २००८ साली ती प्रसिद्ध झाली. वर्षभरात ६० टक्के माणसं पडली. पडलेल्यांपैकी ८० टक्क्यांना निदान एकदा तरी आपलं आपण उठता आलं नाही. ३० टक्के तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर होती. मदतीचं बटण त्यांच्यातल्या बहुतेकांकडे होतं, आणि जे लांबलचक वेळ पडून राहिले त्यांच्यातल्या बहुतेकांनी ते वापरलं नव्हतं. काहींनी घातलेलंच नव्हतं, काहींना दाबता आलं नाही, आणि काहींनी न दाबायचं ठरवलं.

न दाबायचं ठरवलं, हे मला आईला पाहिल्यावर कळतं. तिचं बटण न्हाणीघराच्या दाराबाहेर खिळ्याला लटकवलेलं असतं. पाण्यानं बिघडत नाही हे तिला सांगून झालंय, आणि पडायची सगळ्यात जास्त भीती न्हाणीघरातच आहे हे तिलाही माहीत आहे. पण बटण दाबणं म्हणजे 'आता माझं मला होत नाही' हे कबूल करणं, तेही कुठल्यातरी अनोळखी आवाजापाशी. "एवढ्याशासाठी कोणाला उठवायचं?" हा तिचा युक्तिवाद. शिवाय आलेली माणसं दवाखान्यात नेतील, तिथून मुलांना कळेल, आणि मग तिला एकटी राहू द्यायचं की नाही यावर चर्चा सुरू होईल. ती या सगळ्याचा विचार जमिनीवर पडल्यावर नव्हे, आधीच करून बसलेली आहे. बटणाची जाहिरात करणारे तिच्या प्रकृतीच्या भीतीबद्दल बोलतात. तिची खरी भीती घर सुटण्याची आहे, आणि बटण तिला त्या दिशेनं नेणारं वाटतं.

मनगटी घड्याळांनी दाबायचा प्रश्न सोडवला. ॲपलच्या घड्याळात २०१८ पासून पडणं ओळखायची सोय आहे. आपटल्याचं जाणवलं आणि नंतर साधारण मिनिटभर हालचाल झाली नाही, तर ते स्वतःच मदतीला फोन लावतं. वय ५५ किंवा जास्त सांगितलं असेल तर ही सोय आपोआप चालू असते. (स्वतःचं घड्याळ जोडताना हे वाचलं तेव्हा मी जरा चिडले होते.) आई चादर झटकत असताना एकदा तिच्या घड्याळानं विचारलं, तुम्ही पडलात का? ती त्याच्यावर ओरडली. त्याहून मोठी गोम अशी, की अशी बरीच घड्याळं रोज किंवा दिवसाआड चार्ज करावी लागतात, आणि ती चार्जिंगला रात्री लावतात. अंधारात उठून लघवीला जायची वेळ नेमकी तीच. घड्याळ संध्याकाळी टीव्ही बघताना चार्जिंगला लावायचं आणि झोपताना मनगटावर घालायचं, एवढी एक सवय लागली तरी घड्याळाचा निम्मा उपयोग पदरात पडला असं मी म्हणेन.

या सगळ्या प्रकारांत मला सर्वात आवडलेली गोष्ट जपानमधली. तिथे झोजिरुशी या कंपनीनं २००१ साली पाणी गरम ठेवायचं एक विजेचं भांडं काढलं. ते वापरलं की त्याची नोंद दूरच्या घरच्यांना कळते. बस, एवढंच. घालायचं काही नाही, दाबायचं काही नाही, आकडा नाही. आज ती उठली आणि तिनं पाणी घेतलं, इतकंच कळतं, आणि एकटं राहणाऱ्या माणसाबद्दल रोज सकाळी खरं तर एवढंच कळायला हवं असतं. अर्थात भांडं काय करतं ते त्या माणसाला ठाऊक असलं पाहिजे. न सांगता ठेवलं तर ते आणि कॅमेरा यांच्यात मला फरक दिसत नाही.

सासऱ्यांचं हृदय अशक्त झालंय. या आजारात धाप लागायच्या आधी शरीरात पाणी साठतं आणि ते काट्यावर दिसतं. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं तर ते खाण्यामुळे नसतं. म्हणून रोज सकाळी लघवी करून, काही खायच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत काट्यावर उभं राहायचं. यंत्रांमध्ये याहून साधं यंत्र नसेल. पण वजन घेऊन पुढे काय होतं, याबाबत दोन चाचण्यांची उत्तरं अगदी वेगळी आहेत.

अमेरिकेतली पहिली २०१० सालची. १,६५३ रुग्णांची होती. त्यातल्या निम्म्यांनी रोज एका नंबरवर फोन करायचा, रेकॉर्ड केलेला आवाज प्रश्न विचारणार, फोनची बटणं दाबून उत्तरं द्यायची. सहा महिन्यांनी पुन्हा दवाखान्यात भरती होण्यात किंवा मृत्यूत काहीच फरक पडला नाही. फोन करायचा होता त्यांच्यातल्या सातांपैकी जवळजवळ एकानं तर एकदाही फोन केला नाही. दुसरी चाचणी जर्मनीतली, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली, १,५७१ रुग्णांची. तिथे वजन, रक्तदाब, ईसीजी, ऑक्सिजन रोज घरून बर्लिनच्या एका केंद्रात जायचं, आणि तिथे डॉक्टर आणि नर्स चोवीस तास बसलेले असायचे. वर्षभरात दर शंभर रुग्णांमागे मृत्यू ११.३ वरून ७.९ वर आले. दोन्ही चाचण्यांतले रुग्ण वेगळे, यंत्रं वेगळी, काळ वेगळा. तेव्हा सगळं श्रेय एकाच गोष्टीला देऊ नये. तरी पलीकडे रेकॉर्ड केलेला आवाज आहे की माणूस, हा फरक मला डोळ्याआड करता येत नाही. आणि त्या जर्मन रुग्णांना रोज एक प्रश्नही होता, त्याचं उत्तर एक ते पाचमध्ये द्यायचं: आज तुम्हाला कसं वाटतंय?

दुरून हृदय बघायची कल्पना तशी जुनी आहे. नेदरलँड्समधल्या लायडन इथे विलेम आइन्थोव्हेन या शास्त्रज्ञांचं ईसीजीचं यंत्र शेकडो किलो वजनाचं होतं. ते रुग्णालयात नेणं शक्य नव्हतं. मग १९०५ साली त्यांनी टेलिफोनची तार वापरून दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून रुग्णाच्या हृदयाचे संकेत प्रयोगशाळेत आणले. रुग्ण तिथे मिठाच्या पाण्यात हात-पाय बुडवून बसलेला. तेव्हा तारेच्या दुसऱ्या टोकाला खुद्द आइन्थोव्हेन बसलेले असायचे. पुढे तारेची जागा बिनतारी संदेशांनी घेतली, शेकडो किलोंचं यंत्र मनगटावर आलं, आणि दुसऱ्या टोकाची खुर्ची मात्र बऱ्याच ठिकाणी रिकामी झाली.

सासऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला एक नर्सबाई आहेत. वजन वाढलं तर त्याच दिवशी त्यांचा फोन येतो. नाही वाढलं तरी आठवड्यातून एकदा येतो. सासरे मितभाषी. डॉक्टरांसमोर त्यांचं उत्तर कायम "ठीक आहे". या बाईंना मात्र त्यांनी सांगितलं, की रात्री दोन उशा लागतात. आडवं झाल्यावर धाप लागते म्हणून उशा वाढतात, आणि हे लक्षण डॉक्टर नेमकं शोधत असतात. घरात आम्हाला कोणालाही ते माहीत नव्हतं. रोज काट्यावर उभं राहायचा कंटाळा येत नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "त्या बाई वाट बघतात गं."

ऑक्सिमीटरबद्दल थोडक्यात. बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश जातात, कोणता किती शोषला गेला यावरून ऑक्सिजन कळतो. ही युक्ती ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याची, १९७० च्या दशकातली. थंड बोटांवर आणि नेलपॉलिशवर हे यंत्र चुकतं, आणि गडद त्वचेवर ते खऱ्याहून जास्त आकडा दाखवू शकतं. अमेरिकेतल्या २०२० च्या एका अभ्यासात ऑक्सिजन कमी असूनही यंत्राला तो ठीक दिसल्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघालं. तेव्हा सावळ्या बोटावर ९४ दिसत असताना माणूस धापा टाकत असेल तर माणसावर विश्वास ठेवावा.

आणि 'वापरायला सोपं' असं खोक्यावर छापणाऱ्यांनी एकदा ते यंत्र थरथरत्या हातांनी सुरू करून बघावं. अर्ध्या मिनिटात संपणारा सहा अंकी ओटीपी, राखाडीवर राखाडी अक्षरं, दर महिन्याला जागा बदलणारं बटण. आत्या म्हणते ते मला पटतं: मोठे आकडे, एकच बटण, साधे सेल. तिनं तिच्या ओळखीच्या निम्म्या बायकांना बीपी मोजायला शिकवलंय. आम्ही मुलं शिकवतो तेव्हा तिसऱ्या मिनिटाला यंत्र आपल्याच हातात घेतो. आत्या घेत नाही, समोरची चुकेपर्यंत थांबते.

सध्या आमच्याकडे चर्चा चालू आहे ती आईच्या घरातल्या हालचाल टिपणाऱ्या सेन्सरची. दादाला तो सगळ्या खोल्यांत हवा. आई म्हणते, बाहेरच्या खोलीत आणि न्हाणीघराच्या वाटेवर लावा, झोपायच्या खोलीत नाही, आणि मी बंद करीन तेव्हा कारण विचारायचं नाही. त्यात ठरावीक वेळ काहीच हाललं नाही तर कोणाला फोन जावा याची यादी भरायची होती. आम्ही दोघं आपापली नावं सांगायच्या आधी तिनं स्वतः नावं लिहिली. पहिल्या शेजारच्या काकू, त्यांच्याकडे किल्ली असते. दुसरे खालच्या मजल्यावरचे, त्यांना रात्री झोप येत नाही. तिसरी मी. चौथा दादा. त्याला जरा लागलं. आई म्हणाली, "अरे, तू उठशील रे लगेच, पण दार कोण उघडणार?" मग तिनं काकूंना फोन लावला, कारण यादीत त्यांचं नाव घातलंय हे त्यांना अजून सांगायचं होतं.